तीन मिनिटांचा प्रस्ताव

दार्जिलिंगहून आणलेला चहा प्यायचा असतो, ही बातमी महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांपर्यंत अजून पोचलेली नाही. सहल कंपनीबरोबर दार्जिलिंग-गंगटोक करून आलेली मंडळी येताना लाकडी पेटीतला पानांचा चहा आणतातच. ती पेटी शोकेसमध्ये शिंपल्यांचा गणपती आणि मुलाची कॅरमची ट्रॉफी यांच्या मधोमध विराजमान होते. आल्यागेल्याला ती दाखवायची, वास घ्यायला द्यायचा आणि मग आत जाऊन रोजच्या पुड्यातला चहा उकळायचा. दोन-तीन दिवाळ्यांची साफसफाई झाली की या पेटीचं काय करायचं असा प्रश्न उभा राहतो आणि त्याला घरोघर एकच उत्तर मिळतं : ऑफिसात नेऊन टाका. साखर कमी पडलेल्या करंज्या, जास्तीची कॅलेंडरं, कुणीतरी मधुमेहावर म्हणून दिलेली कडू पावडर, अशा घरात न खपणाऱ्या सगळ्या गोष्टींवर पहिला हक्क ऑफिसचा असतो.

पूर्णगडातल्या आमच्या कचेरीत पानांचा चहा आला तो याच वाटेने. कचेरी कुठल्या खात्याची ते सांगत नाही. या वयात बदली मला परवडणार नाही. वर किल्ला, खाली मुचकुंदीची खाडी, पलीकडे गावखडी आणि मधल्या उतारावर आम्ही, एवढी खूण पुरे. सरकारच्या लहान बंदरांच्या यादीत पूर्णगडचं नाव आहे, पण मासेमारीच्या होड्या सोडल्या तर फार मोठं काही धक्क्याला लागत नाही. कचेरीतही फार मोठं काही घडत नाही. चहा मात्र दोनदा होतो.

त्या चहाचा कारभार चोख आहे. महिन्याची वर्गणी ठरलेली, वही ठरलेली. कोण रजेवर होतं, कुणाकडे पाहुणे आले आणि त्यांचे दोन कप कुणाच्या खात्यावर, हे सगळं त्यात येतं. रोजच्या रोज लिहिली जाणारी आणि जिच्यावर लेखापरीक्षणात आजवर एकही आक्षेप आलेला नाही अशी आमच्याकडची ही एकमेव नोंदवही. चहा करायचे सर्वाधिकार आबांकडे. आबा शिपाई म्हणून लागले, मध्ये कधीतरी शासनाने त्यांना परिचर केलं, पण चहात त्यामुळे फरक पडला नाही. त्यांचं ॲल्युमिनियमचं पातेलं आतून तपकिरी आणि बाहेरून काळं आहे. आधी पाणी आणि साखर, मग विहिरीमागच्या गवती चहाची दोन पाती गाठ मारून, मग आलं. आलं ठेचायला सरकारी पेपरवेट वापरतात. पावडर पडली की तिला उकळी, दूध पडलं की पुन्हा उकळी, आणि मग पातेलं पुन्हा पुन्हा वर येऊ द्यायचं आणि खाली बसवायचं. साहेब घाटावरचे असल्यामुळे त्यांचा कप वेगळा; त्यांच्या मते चहात दूध घालायचं नसतं, दुधात चहा घालायचा असतो.

तर अशा या व्यवस्थेत आमच्या लेखापाल मॅडमनी घरची पेटी आणून ठेवली. आबांनी ती उघडली, चिमूटभर पानं तळहातावर घेतली, बोटाने पसरली आणि मला म्हणाले, “भाऊसाहेब, ह्यो च्या दळायचा ऱ्हायलाय.”

दळायची सोय नसल्यामुळे त्यांनी तो तसाच पातेल्यात टाकला. साखर, आलं, गवती चहा, दूध, सगळं यथासांग. उकळून उकळून खाली उतरलं ते किंचित गुलाबी छटेचं आल्याचं दूध. आबांनी आणखी मूठभर टाकलं. मग आणखी. तासाभरात अर्धी पेटी पातेल्यात गेली आणि त्यांनी निकाल दिला : “रंगच नाय ओ ह्यात. फशवलान् कोनीतरी मॅडमला.”

आबांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण सगळे ज्याला चहा म्हणून ओळखतो ती एका यंत्राची करामत आहे. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर नावाच्या साहेबाने दातेरी रुळांचं एक यंत्र बसवलं. त्यातून पान गेलं की चिरडतं, फाटतं आणि वळून त्याची बारीक गोळी होते. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या चहाला सीटीसी म्हणतात. पानाच्या पेशी पार फुटलेल्या असतात, त्यामुळे गरम पाण्यात पडल्याबरोबर गोळी आपल्याजवळचं सगळं देऊन टाकते : रंग, कडूपणा, तुरटपणा. वर कितीही दूध ओता, ती बधत नाही. शिवाय किलोमागे कप जास्त निघतात. भारतात आज होणारा बहुतेक सगळा चहा याच जातीचा आहे. पानांचा चहा नुसता पिळून, वळून, वाळवलेला असतो. तो पाण्यात हळूहळू उलगडतो, वास आधी देतो, चव मग, रंग सगळ्यात शेवटी आणि तोही बेताचाच. त्याला उकळलं तर वास उडून जातो आणि तुरटी मागे राहते. वरून दूध घातलं तर तीही दिसत नाही.

ही शिकवणी आपल्याला एकदा मिळालेली आहे आणि आपण तीत सपशेल नापास झालेलो आहोत. १९०३ साली इंग्रज सरकारने चहावर उपकर बसवला. मळेवाल्यांचाच पैसा, त्यातून चहाचा प्रचार. पुढे या पैशातून गावोगाव फुकट कप वाटले गेले, रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतल्या पाट्या लागल्या, आणि चहा नीट कसा करायचा हे चित्रं काढून समजावलं गेलं : ताजं पाणी खळखळून उकळा, भांडं गरम करून घ्या, पानं भांड्यात घाला, वर पाणी ओता, झाकून थोडा वेळ थांबा. लोकांनी पाट्या वाचल्या, फुकटचा कप प्याले, घरी आले आणि सगळं एकाच पातेल्यात घालून रटारटा उकळलं. त्यात साखर घातली, दूध घातलं, आलं घातलं, वेलची घातली. चहा विकणाऱ्यांनी कपाळाला हात लावला असेल, पण खप वाढतोय म्हटल्यावर तो हात त्यांनी खाली घेतला असणार.

याच प्रचाराचं एक अंग आपल्या कामाचं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहावाल्यांनी कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या गाठल्या. कामगाराला मधेच चहा दिला तर तो जोमाने काम करतो, असं मालकांच्या गळी उतरवून तिथे चहाच्या टपऱ्या बसवल्या. आता मुंबईच्या गिरण्यांमध्ये माणसं कुठली होती? मोठा भरणा आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा. गिरणीत खपणारा मुलगा आणि त्याच्या मनीऑर्डरीवर चालणारं घर, हा इथला कित्येक पिढ्यांचा जमाखर्च. तेव्हा कामावरचा चहा या किनाऱ्यावर आसामातून थेट आला नाही, तो गिरणगावातून बोटीने आला, असा माझा तर्क आहे. त्यामुळे “काम करता करता चहा” ही मूळ कल्पना इथे येईपर्यंत “चहा घेता घेता जमलं तर काम” अशी झाली. एवढ्या लांबच्या प्रवासात व्हायचंच.

ज्या साली तो उपकर बसला त्याच साली बिहारमधल्या मोतिहारीत जॉर्ज ऑर्वेल जन्मला. वडील अफूच्या खात्यात नोकरीला. मुलाने नाव काढलं ते चहात. कादंबऱ्याही लिहिल्या म्हणा. पण जानेवारी १९४६ मध्ये, युद्ध संपलंय, इंग्लंडात चहाचं रेशनिंग चालू आहे, अशा वेळी या गृहस्थाने चांगला चहा कसा करावा यावर एक लेख लिहिला आणि त्यात तब्बल अकरा नियम घातले. चहा हिंदुस्थानचा किंवा सिलोनचाच हवा. पाणी भांड्यापर्यंत आणायचं नाही, भांडं उकळत्या किटलीपाशी न्यायचं. साखर घालायची नाही. या शेवटच्या अटीवर कोकणात तरी त्याचं डिपॉझिट जप्त झालं असतं.

माझ्यासारख्या कारकुनाला मात्र ऑर्वेलपेक्षा दुसरा एक दस्तऐवज जास्त भावला. चहा कसा गाळावा याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. क्रमांक ३१०३, पहिल्यांदा निघालं १९८० साली. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, वेळ सहा मिनिटं, भांडं चिनीमातीचं. जगातल्या चहांची एकमेकांशी तुलना करता यावी म्हणून हे ठरवलेलं आहे, कुणाला तरतरी यावी म्हणून नव्हे. ब्रिटननेही आपलं स्वतःचं असंच सहा पानी मानक काढलेलं होतं. त्याबद्दल १९९९ मध्ये त्यांच्या मानक संस्थेला इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं, आणि तेही साहित्याचं! आमच्या खात्याची कितीतरी परिपत्रकं या बक्षिसाच्या पात्रतेची आहेत, पण पाठवणार कोण? आवक-जावक माझ्याकडेच आहे.

तर उरलेल्या अर्ध्या पेटीचं काय, यावर मी तोंडी प्रस्ताव मांडला. दुपारचा चहा आबांच्या पद्धतीने होऊ दे, सकाळचा आपण पानांचा करू. दुधाशिवाय, साखरेशिवाय, तीन मिनिटं झाकून. सहा मिनिटं तुलनेला ठीक. दार्जिलिंगला पिण्यासाठी तीन पुरतात. साहेबांनी “चर्चा करावी” असा शेरा मारला, म्हणजे तोंडीच मारला, आणि आम्ही ती मंजुरी समजलो.

पहिला प्रश्न भांड्याचा. झाकणाचा एक स्टीलचा डबा होता, पण त्याला लोणच्याचा वास. थर्मासला आल्याचा. चहाचं भांडं हवं असेल तर ते कचेरीत कुठेतरी असतंच, हे मात्र मी अनुभवाने सांगतो. साहेबांच्या कपाटात वरच्या फळीवर एक आख्खा टी-सेट खोक्यासकट निघाला. कुणाच्या तरी निवृत्तीच्या सत्कारासाठी आणलेला. सत्कारमूर्तीने ऐन वेळी घड्याळ मागितलं म्हणून राहून गेलेला. पोटाशी फुगीर असलेली चिनीमातीची किटली मिळाली, आणि तीच लागते. पानं फुलतात तेव्हा त्यांना अंग पसरायला जागा हवी असते. बाजारात मिळणाऱ्या त्या साखळीच्या जाळीदार गोळीत पानं कोंबली की ती एसटीच्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांसारखी जिथल्या तिथे अडकून राहतात आणि पाणी बाहेरून निघून जातं.

दुसरा प्रश्न विजेचा. पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली लावली की इमारतीच्या जुन्या वायरिंगमुळे साहेबांच्या खोलीतला संगणक मान टाकायचा. तेव्हा पाणी आबांच्या गॅसवरच तापू लागलं. म्हणजे आबांची मर्जी सांभाळणं आलं. त्यांनी अट घातली : पाणी मी उकळीन, पुढचं पाप तुमचं.

पाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही नशीबवान. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यात चुना नाही. घाटावर कित्येक ठिकाणी कोऱ्या चहावर तवंग धरतो तो जड पाण्याचा. इथे कप आरशासारखा स्वच्छ. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा वरच्या विहिरीवरून कळशी आणायची. आबा ती आणतात, पण “दूध-साखर घातलीत तर खालचं पाणी पन चालतंय” हे दर खेपेला ऐकवतात. ते खरंच आहे. आपल्या मसालेदार चहाचा मोठा गुण हा की तो पाण्याचे, पावडरीचे आणि करणाऱ्याचे सगळे दोष पोटात घालतो. पानांचा चहा चहाडखोर असतो. काय चुकलं ते पहिल्या घोटात सांगतो.

पावसाळ्यात त्याने अशीच चहाडी केली. जुलैत कचेरीतली हवा इतकी दमट होते की फायलींना बुरशी आणि पेटीतल्या पानांना ओल. म्हणून पेटी कुलपाच्या लोखंडी कपाटात हलवली. एका सकाळी चहा ओतला आणि वास आला सुक्या बांगड्याचा. मॅडमनी रत्नागिरीच्या नणंदेसाठी घेतलेलं सुक्या मासळीचं पुडकं त्याच कपाटात होतं. चहाचं पान शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेतं. चीनमध्ये याच गुणाचा फायदा घेऊन पानांवर मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचे थर देतात, रात्रभर ठेवतात आणि तो चहा महाग विकतात. आमच्याकडे फुलांऐवजी बांगडा होता, इतकाच फरक. मॅडम शाकाहारी नसल्यामुळे त्यांनी तो कप संपवला. साहेबांनी अर्धा संपवून “हा कुठला प्रकार?” असं कौतुकाने विचारलं. आम्ही “वेगळा मळा” म्हणालो. त्यानंतर चहा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गेला आणि मासळी मॅडमच्या टेबलाच्या खणात.

आता बिनदुधाच्या चहाबद्दल. तो कोकणाला नवा मुळीच नाही. इथे दूध पूर्वीपासून बेताचं, आमच्या आज्या गुळाचा कोरा चहा फुलपात्रातून पीत आल्या. पण पिशवीतलं दूध गावोगाव पोचल्यापासून कोऱ्या चहाला कारण लागतं. ताप आहे, पोट बिघडलंय, दूध नासलंय, किंवा घरात कुणी गेलंय. एरवी माणूस कोरा चहा पिताना दिसला की लोक काळजीत पडतात.

एका सकाळी गावखडीहून पूल ओलांडून एक वयस्कर गृहस्थ कसल्याशा कागदासाठी आले. आत पाहतात तो मी, मॅडम आणि आमचे कनिष्ठ लिपिक टेबलाभोवती उभे, मधोमध झाकलेली किटली, सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, कुणी बोलत नाही. शेजारी कपात ओतलेला, दूध नसलेला चहा. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, बाकाच्या कडेला बसले आणि जरा वेळाने हलक्या आवाजात विचारलं, “कधी?”

“दोन मिनिटं झाली,” कनिष्ठ लिपिक म्हणाले.

“अरेरे. कोण?”

“दार्जिलिंग.”

“लांबचे होते?”

“बरेच लांबचे,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली, “मग सुतक नसेल,” असं पुटपुटले आणि कागद मागायला उद्या येतो म्हणून निघून गेले. थांबवून चहा दिला असता, पण तिसरं मिनिट संपत आलं होतं.

आणि खरी अडचण या तीन मिनिटांचीच आहे. भांडं मिळतं, पाणी मिळतं, साखरेवाचून माणूस आठवड्याभरात सुधारतो. कचेरीत सलग तीन मिनिटं मात्र मिळत नाहीत. ज्या इमारतीत एखादा अर्ज तीन महिने निवांत मुरतो, एखादी फाइल तीन साहेब पाहते आणि तरी जागची हलत नाही, तिथे चहा तीन मिनिटं झाकून बसला की सगळ्या यंत्रणेला घाई सुटते. पाणी ओतलं की साहेबांची घंटा वाजते. घंटेहून परत यावं तर फोन. फोन ठेवावा तर किल्ला बघून उतरलेली पुण्याची मंडळी दारात, आणि त्यांना इथे स्वच्छतागृह कुठे आहे हे आत्ताच्या आत्ता हवं असतं. किल्ला लहान, फिरून लवकर होतो, त्यामुळे अशी मंडळी दिवसभर उतरत असतात. हे सगळं आटपून किटलीपाशी यावं तोवर पानांनी सतरा मिनिटं घेतलेली असतात आणि त्यातून निघणाऱ्या द्रवाने चामडं कमावता येईल.

आबांच्या पातेल्याला ही अडचण नाही. तो चहा सतरा मिनिटं विसरला तर “आज कडक झालाय” म्हणून जास्तच वाखाणला जातो. कचेरीची कामाची रीत आणि तिचा चहा एकमेकांना इतके जुळून आले आहेत, ते उगाच नाही. कुणीही, केव्हाही, कितीही उशिरा हात लावला तरी चालावं, आणि कुणाच्या हातून बिघडलं ते कळू नये, ही अट दोघांनीही पाळलेली आहे.

यावर माझा तोडगा साधा आहे, आणि ज्यांना कामाच्या जागी पानांचा चहा करायचा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. दुसरी किटली, किंवा नुसता स्वच्छ तांब्या जवळ ठेवायचा. मिनिटं मोजायचं काम अशा माणसाला द्यायचं ज्याला साहेब बोलावत नाहीत. तीन मिनिटं झाली की चहा एका भांड्यातून दुसऱ्यात पूर्ण गाळून घ्यायचा, पानांवर थेंब ठेवायचा नाही. मग साहेबांनी घंटा वाजवो, भोंगा वाजवो, चहा गार होईल, कडू होणार नाही. दार्जिलिंगच्या चांगल्या पानांवर दुसरं पाणी थोडं जास्त वेळ ठेवलं तर आणखी एक फेरी निघते. वर्गणीच्या वहीच्या दृष्टीने हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

आमच्याकडे मिनिटं मोजायचं काम आबांकडे गेलं, कारण साहेब बोलावतात तेव्हा ते ऐकत नाहीत. ते स्वतः हा चहा पीत नाहीत. एकदा कप तोंडाला लावून त्यांनी “न्हानीघरात घंगाळ्यातलं पानी बरं” एवढंच मत दिलं होतं. पण वेळ अचूक सांभाळतात आणि गाळून झालं की गाळणं माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतात. मला वाटलं, चहाबद्दल आदर वाढला. मग एक दिवस पेटी संपली. सकाळचाही चहा पुन्हा पातेल्यातला सुरू झाला, साहेब खूश, वही सुटसुटीत. फक्त आबा बेचैन. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

“मॅडम, तुमी परत कवा जाताव दार्जिलिंगला?”

“का हो आबा? आवडायला लागला की काय?”

“माझा काय संबंध? मागल्या दारची अबोली बगा जरा. आपल्या च्याचा चोथा घातला की साखरंला मुंग्ये लागतात, मुळं खातात. तुमच्या त्या च्यात साखर नाय, दूध नाय. कशी फुललीय ती! सायेबान्ला सांगून निदान अबोलीपुरता तरी मागवा.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी कोरा कागद घेतला. विषय : कार्यालयाच्या परिसरातील सुशोभीकरण, आवश्यक साहित्याच्या खरेदीबाबत.